गाडी चार्जिंगला आहे तोवर

डिझेलच्या गाडीला किस्से चिकटत नाहीत. पंपावर गेलात, कर्मचारी म्हणाला "झिरो बघा साहेब", तुम्ही झिरो बघितला, टाकी भरली, निघालात. पाच मिनिटांत कसला किस्सा होणार? पण इलेक्ट्रिक पिकअप घेतली की माणसाला दर शे-सव्वाशे किलोमीटरला कुठंतरी तास-दीड तास बसावं लागतं. पंपाच्या कोपऱ्यात, ढाब्यावर, कुणाच्या तरी ओट्यावर. आणि आपला माणूस दीड तास गप्प बसलाय असं कधी झालंय का? चहा होतो, गाव विचारलं जातं, लांबचं नातं निघतं, आणि गाडी नव्वद टक्क्यांना पोचेपर्यंत एक तरी भानगड झालेली असते!

आम्ही असे चौघं. शिरूर बायपासला एका टायरवाल्याच्या दुकानासमोर आमचा थांबा. मी विलास, आधी रांजणगावच्या कंपनीत शिफ्ट करायचो, आता स्वतःच्या गाडीवर. दुसरे रशीदचाचा, शिरूरचेच, सगळं आयुष्य डिझेलच्या टेम्पोवर काढलेले. तिसरे कवठे येमाईचे आबा, घरची डाळिंबं स्वतःच्या गाडीतून बाजारात नेणारे. आणि चौथी दौंडची संगीताताई, तिची रोपवाटिका आहे, गुलाबापासून आंब्यापर्यंत रोपं घेऊन ती एकटी कुठंकुठं जाते.

चौघांच्याही गाड्या इलेक्ट्रिक. त्यामुळं सकाळी भेटल्यावर "काय, बरं हाय का?" असं कुणी विचारत नाही. "किती टक्के?" हाच रामराम! आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं नावसुद्धा 'टक्केवारी'. नाव वाचून ग्रामपंचायतीतले एक माजी सदस्य "मलाबी ॲड करा की" म्हणून महिनाभर मागं लागले होते.

*

चाचांना सगळ्यात जड गेलं ते गाडीला आवाज नसणं.

"इंजिन बोलतं रे माणसाशी," ते म्हणायचे. "चढ आला की कण्हतं, उतार आला की गुणगुणतं. ही बया तर रुसल्यासारखी गप!"

पहिल्याच आठवड्यात ते एका वाडीवर पशुखाद्याची पोती घेऊन गेले. वाडीच्या तोंडाला थोडा उतार. गाडी आपली अलगद, बिनआवाजाची, पारापाशी आली. पारावर एक म्हातारी लसूण सोलत बसली होती. तिनं चाचांना ओळखलं. इतकी वर्षं चाचांचा टेम्पो आला की आधी अर्धा किलोमीटरवरनं कळायचं. आज काहीच वाजलं नाही!

"अगं बया! चाचांची गाडी बंद पडली वाटतं. नुसती घरंगळत आलीया. ए, उठा की रं, धक्का मारा!"

पारावरची चार-पाच माणसं उठली आणि लागली ढकलायला.

"आरं चालू हाय गाडी!" चाचा खिडकीतून ओरडले.

"चालू असती तर वाजली नसती व्हय?" मागनं उत्तर आलं. चाचांनी परत सांगून बघितलं, कुणी ऐकेना.

पारापासून डेअरीपर्यंत चढ. घामाघूम होऊन त्या लोकांनी भरली गाडी वर नेली, वर चाचांना पाणी पण पाजलं. संध्याकाळी थांब्यावर हे ऐकून आम्ही पोट धरून हसलो. मी विचारलं, "चाचा, तुम्ही त्यांना थांबवलं का नाही?"

"दोनदा सांगितलं, बाबा. तिसऱ्यांदा कशाला सांगू? लोक एवढ्या प्रेमानं ढकलत होते." मग चाचा हळूच म्हणाले, "दीड टक्का वाचला!"

*

पण टक्के वाचवणं म्हणजे काय ते आबांकडून शिकावं.

आबांचे नियम कडक. काचा वर, एसी बंद. ताडपत्री फडफडली की वारा धरते, म्हणून ती इतकी आवळून बांधायची की बाजारात सोडताना दोन माणसं लागतात. आणि स्पीड? उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर एकदा आबांना ओव्हरटेक करून गेला. जाता जाता ड्रायव्हरनं विचारलं, "आबा, बंद पडली का? टोचन लावून ओढू?"

एकदा आबा डाळिंबं घेऊन नाशिकला निघाले. शेजारी माई, म्हणजे आबांच्या मालकीण. माईंचा भाऊ नाशिकला असतो, त्याला भेटायचं होतं. संगमनेर मागं पडलं, त्या दिवशी वारा समोरून, माल गच्च भरलेला. टक्के असे उतरायला लागले की आबांच्या कपाळावर घाम. पुढं चढ, आणि चार्जर चढाच्या पलीकडं.

आबांनी गाडी बाजूला घेतली. मागच्या मालाकडं बघितलं, मग माईंकडं बघितलं. मग हळूच म्हणाले, "वजन जास्त झालंय."

"मग?"

"म्हंजी... डाळिंबं तर उतरवता येत न्हाईत. मागनं एसटी येतीया. तू जर का..."

माई शांतपणे त्यांच्याकडं बघत होत्या. "माझं वजन किती?"

"असंल की पन्नास."

"आन् तुमचं?"

आबा ताडपत्रीकडं बघायला लागले.

"नव्वद," माईंनीच सांगितलं. "उतरा!"

आता माईंनी घरचा ट्रॅक्टर वर्षानुवर्षं चालवलेला, लायसन पिशवीत. हिशोब आबांचाच. ते मुकाट्यानं उतरले. माई ड्रायव्हरच्या सीटवर सरकल्या आणि खिडकीतून पाण्याची बाटली त्यांच्या हातात दिली. "ही पण घ्या. लिटरभर तेवढीच हलकी."

तासाभरानं आबा एसटीतून उभ्यानं प्रवास करून पोचले. गाडी चार्जिंगला लागलेली. माई चपला काढून, सीटवर पाय वर घेऊन भेळ खात होत्या.

"किती राहिले हुते?" आबांनी आधी हेच विचारलं.

"सहा. तुमी असता तर चढावरच बसलो असतो." माईंनी भेळेचा पुडा पुढं केला. "येताना गाडी रिकामी असती. तवा बसा."

तेव्हापासून नाशिकच्या फेरीला माईच गाडी नेतात, ग्रुपवरही त्यांना घेतलंय. आबा घरी बसून ग्रुपवर "किती टक्के?" विचारतात, आणि माई उत्तर देत नाहीत.

*

संगीताताईचा माळशेजचा किस्सा छोटाच आहे.

ती मुरबाडला रोपं घेऊन चालली होती. माळशेजच्या माथ्यावर पोचली तेव्हा तीस टक्के. खाली पर्यटकांची जत्रा, गाड्या मुंगीच्या पावलानं. तिनं ग्रुपवर लिहिलं, 'घाटात अडकले. देवा वाचव.' आम्ही तिघंही शिरूरला जीव मुठीत धरून बसलो.

दोन तासांनी तिचा मेसेज आला. 'खाली पोचले. छत्तीस टक्के.'

आबांनी लगेच फोन लावला. "खरं सांग संगीता, मधी कुठं लावली व्हतीस?"

"कुठंच न्हाई आबा. उतारावर गाडी स्वतःच चार्ज होती. ब्रेक लावला की करंट उलटा बॅटरीत जातो. कंपनीवाल्यांनी सांगितलं नव्हतं का?"

आबांनी बोटांवर हिशोब मांडला. मग एकदम म्हणाले, "आगं मग घाई कशाला करतीस? परत वर जा आन् अजून चार वेळा उतर. फुल हुईल!"

*

पण संगीताताईची खरी परीक्षा झाली ती करमाळ्याच्या पुढं.

एप्रिल-मे मधलं ऊन. गाडीत गुलाबाची रोपं, बार्शीच्या एका माणसानं बागेसाठी मागवलेली. वाटेतला चार्जर बंद. मग तिनं एका ढाब्यावर गाडी घेतली. ढाब्याच्या मालकांनी मोठ्या मनानं सांगितलं, "ताई, कूलरचा मोठा प्लग हाय, तो घ्या."

तिनं चार्जर लावला. लाल दिवा. काढून पुन्हा लावला. लाल दिवा. तिकडं ताडपत्रीखाली रोपांची पानं माना टाकायला लागली. बार्शी अजून लांब, आणि आत जेवढं चार्जिंग होतं तेवढ्यात ती ना पुढं जाऊ शकत होती ना मागं.

"आमच्या लाईटला काय झालंय मग?" मालक चिडले. "फ्रीज चालतोय, मिक्सर चालतोय, कूलर चालतोय. तुमच्या गाडीचेच नखरे!"

ताई खाली बसली आणि रडायचीच बाकी होती. मग तिला आठवलं, घरच्या बोअरच्या मोटरला उन्हाळ्यात असंच व्हायचं.

"दादा, अर्थिंग कुठं पुरलंय तुमचं?"

"मागं असंल की, भांडी घासत्यात तिथं. पहिल्यांदा हॉटेल बांधलं तवा पुरलं व्हतं. का?"

ती मागं गेली. पूर्वी भांड्यांचं पाणी तिथंच मुरायचं, पण मालकांनी नवं बेसिन बसवून पाणी गटाराला काढलं होतं. जमीन भेगाळलेली, कोरडी ठाक. कोरड्या मातीत अर्थिंग कसं धरणार? ताईनं रोपांसाठी आणलेला पाण्याचा कॅन उचलला आणि ओतला. मालक बघत राहिले. वेटर बघत राहिले. आचारी झारा घेऊन बाहेर आला. दुसरा कॅन. माती घटाघटा प्यायली.

"आता लावा."

हिरवा दिवा!

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मालकांनी रोपांवर स्वतः पाणी शिंपडलं, ताईला पोटभर जेवू घातलं, आणि बार्शीला गुलाब टवटवीत पोचले.

गेल्या महिन्यात मी त्याच ढाब्यावर गेलो. गाडी लावून खाटेवर टेकतोय तोच वेटर आत बघून खणखणीत आवाजात ओरडला, "दोन नंबरला शेवभाजी, तीन नंबरला दोन भाकरी, आन् भाईरच्या गाडीला एक बादली पानी!"

*

आता माझा किस्सा. तो मी सांगत नाही, बाकीचेच सांगतात, म्हणून एकदाचा खरा सांगून टाकतो.

दौंडला लग्न होतं. नवरीचा संसार माझ्या गाडीत: कपाट, पलंग, फ्रीज, भांडी. लग्न लागलं की सामान घेऊन इंदापूरच्या पुढं नवरदेवाच्या गावी जायचं. कार्यालयात पोचलो तेव्हा बॅटरी अर्ध्यावर. मी मॅनेजरला विनंती केली. त्यांनी स्टेजच्या मागचा प्लग दाखवला. "लावा बिनधास्त!"

मी लावला आणि अक्षता घेऊन मागं उभा राहिलो.

मंगलाष्टकं सुरू झाली. भटजींची झाली, मामांची झाली, आणि मग नवरदेवाच्या आत्यांनी माईक घेतला. आत्यांनी मंगलाष्टकं स्वतः रचलेली. पहिल्यात कुलदैवत, दुसऱ्यात आजोबा-पणजोबा, तिसऱ्यात नवरदेवाचं बालपण, चौथ्यात त्याचं बारावीचं यश. हातात कागदांची चळत. मुहूर्त टळायला आलेला. भटजी घड्याळ बघतायत, नवरीचे मामा भटजींकडं बघतायत, पंगतीतला भात गार होतोय, आणि अंतरपाट धरणाऱ्यांचे हात भरून आलेत. पण आत्यांना थांबवणार कोण? नवरदेवाकडची मोठी बाई!

सातव्या कडव्यात नवरदेव इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला पोचला, आणि खट्! माईक बंद, पंखे बंद, झुंबर बंद. माझ्या गाडीच्या भारानं सगळ्या हॉलचा स्विच पडला होता.

आत्या तोंड उघडं ठेवून माईककडं बघतायत. भटजी मात्र तयारीचे. त्यांनी छातीत श्वास भरला आणि गडगडले, "शुभमंगल सावधाऽऽन!" वाजंत्री वाजली, अक्षता उडाल्या, अंतरपाट खाली, हार गळ्यात. मुहूर्तावर लग्न लागलं!

मी स्टेजमागं पळालो आणि प्लग काढला. तेवढ्यात नवरीचे वडील लालबुंद होऊन आले. "तुमी व्हय ओ ते गाडीवाले?" मी हात जोडले. ते काही बोलणार, एवढ्यात मागून नवरदेवाचे वडील आले. हातात माझ्यासाठी जिलब्यांचं ताट.

"यांना काय बोलू नका," ते व्याह्यांना म्हणाले. मग माझ्या कानाशी आले. "आमच्या धाकट्याचं दिवाळीनंतर हाय. तारीख ठरली की कळवतो. गाडी रिकामी आणली तरी चालंल. फक्त प्लग लावा!"

*

चाचांची एक संध्याकाळ मला कायम आठवते.

रमजान चालू होता. चाचा, आबा आणि मी तीन गाड्या घेऊन सोलापूरला कांदा टाकून परत येत होतो. भिगवणच्या थोडं अलीकडं एका हॉटेलमागं चार्जिंगची सोय होती. पोचलो तेव्हा दिवस मावळायला आलेला. चाचांच्या गाडीत चार टक्के. डॅशबोर्डवर कासवाचं चित्र लागलेलं, म्हणजे आता गाडी रांगणार. चाचांचा चेहराही तसाच सुकलेला. पहाटेपासून पाण्याचा थेंब नाही, आणि दिवसभर उन्हात ड्रायव्हिंग.

"आज आमचा दोघांचाबी रोजा हाय," गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून चाचा हसले.

प्लग लावायला गेलो, तर लाईट गेलेली. सगळ्या गावाची.

हॉटेलवाल्या मावशींनी चाचांसाठी खाट टाकली, कलिंगड कापलं, लिंबूपाणी केलं. आबा स्वतः चाचांच्या स्टीलच्या डब्यातले खजूर ताटलीत मांडत बसले. चाचांना हे मांडून देणं त्यांना फार आवडतं, पण तसं ते कबूल करत नाहीत. "मोजून बघतोय, कमी तर न्हाईत ना," म्हणतात.

वेळ झाली. लांबून गावातल्या मशिदीची अजान ऐकू आली. भोंग्याविना, नुसत्या माणसाच्या गळ्यातली. शेतावरनं वाऱ्याबरोबर तरंगत येणारी. मावशींनी डोक्यावरून पदर घेतला.

चाचांनी खजूर उचलला, ओठांपाशी नेला आणि थांबले. एकदा गाडीकडं बघितलं.

"घ्या की चाचा," आबा म्हणाले. "ती लोखंडाची हाय. तिला काय कळतंय!"

"दिवसभर ती माझ्यासंगं चाललीय," चाचा म्हणाले. "मी एकट्यानं कसं खाऊ?"

आणि अगदी त्याच क्षणाला हॉटेलची ट्यूबलाईट फडफडली आणि पेटली! गावभर एकच "आली रे!" झाली. चाचा म्हातारे, पण असे धावले! एका हातात खजूर, दुसऱ्या हातात प्लग. हिरवा दिवा लागला, मग "बिस्मिल्ला" म्हणून खजूर तोंडात.

आबांनी एकदा त्या ट्यूबकडं बघितलं, एकदा चाचांकडं. मग म्हणाले, "चाचा, आमच्या कवठ्याला पंपाची लाईट कवाबी येती, कवाबी जाती. तुमी एक दिवस मुक्कामाला या!"

*

आणि आता लोणीच्या बाजाराचा.

आबांनी लोणीच्या बाजारात एक गाभण गाय घेतली. काळीभोर, कपाळावर पांढरा चांद. विकणारा म्हणाला, "अजून पंधरा दिवस हाईत निवांत." आबांची गाडी माईंकडं, म्हणून चाचांची गाडी नेलेली. चाचा ड्रायव्हिंगला, आबा मधे, मी दाराशी. मागं हौद्यात भाताचा पेंढा अंथरून गाय उभी केली. चाचांनी गाडी अशी चालवली की ग्लासातलं पाणी सांडू नये.

वाटेत एका पंपावर चार्जिंगला थांबलो. दोन चार्जर, त्यातला एक बंद. आम्ही चालू असलेल्याला गाडी लावली. पाठोपाठ एक इलेक्ट्रिक कार आली. पुण्याच्या एक बाई, चाळिशीच्या, सोबत सासूबाई. शिर्डीहून परत चालल्या होत्या.

"काका, किती वेळ लागेल? मला संध्याकाळी पेशंट आहेत."

"अर्धा तास, म्याडम. बसा, चहा घ्या."

चहा काही त्यांनी घेतला नाही. दर पाच मिनिटांनी काच खाली व्हायची. "झालं का?"

तेवढ्यात मागं हौद्यात धप्प आवाज झाला. गाय खाली बसली होती. आबा वर चढले, शेपटी बाजूला करून बघितलं, आणि त्यांचा चेहराच उतरला.

"चाचा, आता गाडी हलवायची न्हाई. ही विणार. आत्ताच."

आबांनी घरच्या कितीतरी गायी सोडवलेल्या. त्यामुळं आम्हाला तशी काळजी वाटली नाही. पण वेळ गेला, गाय कळा देऊन देऊन थकली, आणि एकच खूर बाहेर दिसत होता. एकच. दुसरा पाय आत मुडपलेला. आबांनी हात घालून पाहिला, पण शेतकऱ्याचा रुंद पंजा, तो पुढं जाईना. गुरांच्या डॉक्टरला फोन लावला. ते लांबच्या गावी, यायला तास लागणार. गाय आता नुसती कण्हत होती. आबा तिच्या मानेवर हात फिरवत काहीबाही बोलत होते. त्यांचा आवाज असा कापताना मी कधी ऐकला नव्हता.

इकडं चार्जिंग संपलेलं. कारचं दार धाडकन उघडलं. "अहो, तुमची गाडी फुल झालीय! हलवा की आता! तासभर मी..."

बाई हौद्यापाशी आल्या आणि थांबल्या. बघितलं. ओढणी कमरेला बांधली, हातातल्या बांगड्या आणि घड्याळ काढून माझ्या हातात दिलं.

"साबण आहे? आणि भरपूर पाणी?"

"म्याडम, तुमी डॉक्टर हाय?" आबांचे डोळे चमकले.

"हो. पण मी बायकांची डॉक्टर आहे. मी कधी जनावराची..."

"मग ही कोन हाय?" आबा म्हणाले.

बाई बाह्या सारून हौद्यात चढल्या.

पंपावरच्या लोकांनी बादल्या आणल्या. कारमधून सासूबाईंनी डोळे मिटून जप सुरू केला. डॉक्टरबाईंनी कोपरापर्यंत साबण लावला आणि डोळे मिटून, नुसत्या बोटांनी आत शोधायला लागल्या. "गुडघा लागला. वाकलाय." कपाळावरनं घाम गळत होता. "आता कळ आली की मला सांगा, मी थांबते. कळ गेली की मागं ढकलते." आबा गायीच्या पोटावर हात ठेवून सांगायचे, "आली... आली... गेली. आता!" त्या दोघांचा असा काही ताल जमला, जसं काही वर्षानुवर्षं हेच काम सोबत करतायत. शेवटी बाई ओरडल्या, "आला! दुसरा पाय आला!"

मग आबांनी दोन्ही पायांना सुती दोरी बांधली आणि कळेबरोबर हलक्या हातानं ओढली. मी मागून आबांना धरलेलं. नाक दिसलं, डोकं आलं, आणि भसकन सगळं वासरू पेंढ्यात!

पण ते हललं नाही.

कुणी श्वास घेत नव्हतं. वासरूही नाही आणि आम्हीही नाही. आबांनी बोटांनी त्याचं तोंड साफ केलं, पेंढ्याची काडी घेऊन नाकपुडीत घातली. डॉक्टरबाई दोन्ही हातांनी त्याच्या बरगड्या चोळत होत्या. "चल ना बाळा, चल," पेशंटला म्हणावं तसं म्हणत होत्या. चाचा तोंड फिरवून उभे होते, हात दुव्यासाठी पसरलेले.

आणि वासरू शिंकलं!

अशी सणसणीत शिंक, की डॉक्टरबाईंचा सगळा चेहरा माखला. त्या तशाच खाली बसल्या आणि हसायला लागल्या. हसता हसता रडायला लागल्या. पंपावर टाळ्यांचा कडकडाट. कालवड होती, आईसारखीच काळी, कपाळावरच्या चांदासकट. गायीनं मान वळवली आणि तिला चाटायला लागली.

"म्याडम," आबा डोळे पुसत म्हणाले, "पत्ता सांगा. खरवस पाठवतो."

"पाठवू नका," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मीच येणार. हिला बघायला."

मग आम्ही गाडी हलवली, बाईंची कार चार्जरला लावली, आणि आता त्यांनी आमच्याबरोबर चहा घेतला. दोनदा! पेशंटना फोन करून सांगितलं, "एक डिलिव्हरी होती, उशीर होईल."

निघायच्या वेळी चाचांचा मोबाईल वाजला. चार्जिंगच्या ॲपवरनं मेसेज: 'आपला येथील अनुभव कसा होता?' चाचांनी आजवर असल्या मेसेजला कधी उत्तर दिलं नव्हतं. त्या दिवशी मात्र ते गाडीच्या पायरीवर बसले, चष्मा लावला आणि एका बोटानं बराच वेळ काहीतरी लिहीत राहिले. पाचही चांदण्या दाबल्या आणि पाठवून दिलं.

त्या पंपाचं पान उघडलं तर अजून सगळ्यात वर तेच दिसतं:

'जागा स्वच्छ. सावली चांगली. पाणी भरपूर. बाळंतीण आणि बाळ दोघी सुखरूप. पुन्हा येऊ.'